रोप जगलं का? शहरातल्या देशी रोपांच्या नोंदी ठेवणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड, लातूर, बीड अशा मराठवाड्यातल्या शहरांत आपल्या गल्लीतल्या, रस्त्याकडेच्या किंवा नाल्याकाठच्या देशी रोपांवर लक्ष ठेवणाऱ्या स्वयंसेवकांसाठी हे पान आहे. नवीन आलेले लोक जे विचारतात आणि जुने लोक उन्हाळा आला की पुन्हा विचारतात, ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

नेमकं काम काय असतं?

दहा-बारा रोपं निवडायची आणि वर्षातून चार वेळा त्याच रोपांकडे परत जायचं. उंची मोजायची, फोटो काढायचा आणि रोप कसं आहे ते दोन ओळींत लिहायचं. ते वाढलं, खाल्लं गेलं, जळालं की गायब झालं, हे कळायला हवं. रोज ज्या रस्त्याने दूध आणायला किंवा शाळेत सोडायला जाता, त्याच रस्त्यावरची रोपं घ्या. खास गाडी काढून जावं लागणारी रोपं दुसऱ्या फेरीलाच सुटतात.

एवढी झाडं लावली जातात, मग नोंदी कशाला?

राज्यात २०१६ साली २ कोटी, २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी झाडं लावण्याचं लक्ष्य होतं. हे आकडे लावण्याचे आहेत. आपल्या काळ्या मातीत, आपल्या मे महिन्यात त्यातलं कोणतं झाड तग धरतं, हे लावण्याच्या आकड्यातून कळत नाही. त्यासाठी त्याच खड्ड्याशी पुन्हा जाऊन बघावं लागतं. शहरांसाठी १९७५ चा महाराष्ट्र वृक्ष संरक्षण आणि जतन कायदा आहे, त्यात दर पाच वर्षांनी वृक्षगणना करायची तरतूद आहे. पण वीतभर रोपाचं सगळं आयुष्य अशा दोन गणनांच्या मधे येऊन संपू शकतं.

शिवाय कोणीही न लावता उगवलेल्या रोपांचा हिशेब तर कुणाकडेच नसतो. आम्हाला सर्वांत जास्त आस्था याच रोपांची आहे. कुंपणाच्या कडेला आपोआप आलेल्या कडुलिंबाने ती जागा आणि तिथलं पाणी स्वतः पारखलेलं असतं.

देशी म्हणजे कोणती झाडं धरायची?

भारतातलं ते सगळं देशी, असं आम्ही धरत नाही. सप्तपर्णी भारतातलीच आहे, पण ती ओलसर जंगलातली. तिला लातूरच्या दुभाजकात लावून उन्हाळाभर टँकरचं पाणी घालावं लागतं. मराठवाड्याच्या कोरड्या पानगळीच्या रानात आणि माळावर जे पूर्वापार वाढतं, ते आमच्या यादीत येतं.

काळ्या रानात बाभूळ, हिवर, शमी. मुरमाड टेकाडावर खैर, धावडा, सालई, मोई, अंजन. ओढ्या-नदीकाठी उंबर, करंज, अर्जुन. बाकी कडुलिंब, वड, पिंपळ, पळस, आपटा, बहावा, बेल, कवठ, भोकर, वावळ, काटेसावर, हिंगणबेट, बोर ही ओळखीची मंडळी. झुडपांपैकी तरवड आणि निर्गुडीही घ्या, त्यांना कोणी विचारत नाही म्हणून तर जास्तच घ्या.

गुलमोहर मादागास्करचा, सुबाभूळ आणि गिरिपुष्प मध्य अमेरिकेतले, निलगिरी ऑस्ट्रेलियाची. ही यादीत येत नाहीत. चिंचेबद्दल दरवेळी वाद होतो. ती मूळची आफ्रिकेतली, पण इतक्या जुन्या काळी आली की आपल्या पारावर आणि आमटीत मुरली. चिंचेच्या नोंदी वेगळ्या रकान्यात ठेवा. देशी झाडांच्या बेरजेत तिला धरायचं नाही.

मोठं झाड ओळखतो, पण चार पानांचं रोप ओळखता येत नाही. काय करू?

ही अडचण सगळ्यांचीच असते, कारण रोपाची पहिली पानं मोठ्या झाडासारखी नसतात. कडुलिंबाचं घ्या. जमिनीतून वर आल्यावर आधी दोन जाड, गुळगुळीत डाळिंब्या उघडतात. त्यानंतर समोरासमोर येणाऱ्या पहिल्या दोन पानांना तीन-तीनच पर्णिका (एकाच देठावरची छोटी पानं) असतात, त्यांच्या कडा खोल कातरलेल्या. आपल्या डोळ्यांत बसलेलं लांब, दोन्ही बाजूंना पर्णिका असलेलं पान त्यानंतर येतं. तोवर बरेच जण त्याला तण समजून उपटून टाकतात.

बकाणाही असाच दिसतो. फरक असा, की कडुलिंबाच्या पानाचा देठ एकदाच विभागतो, बकाणाच्या देठाला पुन्हा उपदेठ फुटतात. पर्णिकेचा बुडखाही बघा, कडुलिंबाचा एका बाजूला झुकलेला असतो.

बारीक पानांच्या काटेरी रोपांत सर्वांत जास्त चुका होतात. सुबाभळीला काटे नसतात. बाभळीला पानाच्या बुडाशी सरळ पांढऱ्या काट्यांची जोडी असते. वेडी बाभूळही पानाच्या बुडाशी काटे धरते. शमीचे काटे मात्र आखूड, बुडाशी रुंद, आणि पेऱ्यांच्या मधल्या जागेत कुठेही विखुरलेले असतात. बोट हलकेच फिरवलं तरी कळतं.

खात्री नसेल तर नाव लिहू नका. «अनोळखी, बारीक पान, काटे जोडीने» एवढंच लिहा आणि फोटो जोडा. पुढच्या फेरीला रोप स्वतःच ओळख सांगतं.

रोप लावलेलं आहे की आपोआप आलेलं, हे कसं ओळखायचं?

आळं, खड्ड्याची मऊ माती, आधाराची काठी, शेजारी ओळीत आणखी रोपं, किंवा बुंध्याशी मातीतून डोकावणारा काळ्या प्लॅस्टिक पिशवीचा तुकडा. यातलं काही दिसलं तर ते लावलेलं. आपोआप आलेली रोपं पक्षी जिथे बसतात तिथे सापडतात: विजेच्या तारांखाली, कुंपणाच्या जाळीलगत, मोठ्या झाडाच्या सावलीत. लिंबोळ्या खाऊन कावळे, साळुंक्या आणि वटवाघळं बिया टाकतात. बाभळीच्या शेंगा शेळ्या खातात आणि बी लेंडीतून बाहेर पडतं, म्हणून शेळ्यांच्या रोजच्या वाटेवर बाभळी दिसतात.

फेऱ्या कधी करायच्या?

पहिली मृगाचा पाऊस जमिनीत मुरल्यावर, म्हणजे जूनअखेर. लिंबोळ्या नुकत्याच पडून रुजत असतात, त्यांची उगवणक्षमता थोडे आठवडेच टिकते. दुसरी हस्ताचा पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात. तिसरी जानेवारीअखेर. चौथी मेच्या उत्तरार्धात, सकाळी लवकर.

मेची फेरी कोणालाच नको असते. पण एकच फेरी जमणार असेल तर मेचीच करा. पावसाळ्यात सगळंच हिरवं दिसतं.

मधे पावसाचा मोठा खंड पडला तर तारखेसह तेवढं एक वाक्य वहीत टाका. पुढे वाढ का थांबली हे शोधताना ते लागतं.

मे महिन्यात रोप पूर्ण वाळलेलं दिसलं. मेलं असं लिहू का?

लिहू नका. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

कोरड्या प्रदेशातली कितीतरी झाडं लहानपणी वरून वाळतात आणि खाली जिवंत राहतात. पळसाचं रोप पहिली काही वर्षं उन्हाळ्यात जमिनीपर्यंत वाळतं. वर नुसती काडी उरते, तीही कधी मोडून पडते. जमिनीखाली मात्र त्याचं मूळ जाड होत जातं, आणि पावसाळ्यात त्याच बुडख्यातून नवा कोंब येतो. असं दरवर्षी होतं. मूळ पुरेसं भरलं की एका वर्षी कोंब वाळत नाही, सरळ वर जातो. धावड्याचंही असंच. अंजनाचं रोप वर्षानुवर्षं हातभर उंचीवर थांबल्यासारखं दिसतं, कारण तेवढ्या काळात त्याचं सोटमूळ खडकाच्या फटी शोधत खोल गेलेलं असतं.

बघायचं असं. बुंध्याशी, जमिनीपासून बोटभर उंचीवर, नखाने साल अगदी जराशी खरवडा. आत हिरवी, ओलसर रेघ दिसली तर जिवंत. तपकिरी आणि कोरडी दिसली तर वरचा भाग गेला, एवढंच सिद्ध होतं. मग वहीत «वरून वाळलं» लिहा. त्या जागी खूण ठेवा, काडी उपटू नका, कोणी उपटत असेल तर त्यांना समजावून सांगा. जुलैत पुन्हा जा. लागोपाठ दोन पावसाळ्यांत कोंब आला नाही, तरच «मेलं» लिहायचं.

खरवडणं एका फेरीत एकदाच, एकाच बाजूला. पेन्सिलीएवढ्या खोडाला चारही बाजूंनी खरवडलं तर त्या जखमेनेच ते जाईल.

या घाईमुळे नुकसान होतं ते असं: उन्हाळ्यात वाळलेली रोपं मेली समजून पावसाळ्यात तिथेच नवीन खड्डे खणले जातात, आणि आतलं जिवंत मूळ कुदळीखाली येतं. पळसासारखं आपलं झाड शहरातल्या मोकळ्या जागांवरून कमी होत जाण्यात याचा वाटा आहे, असं आमचं ठाम मत आहे.

«गायब» आणि «मेलं» यात फरक काय?

जागेवर काडी, बुडखा किंवा मूळ दिसत असेल तर रोपाची अवस्था लिहिता येते. काहीच दिसत नसेल तर «गायब». आणि जागाच सापडली नाही तर «जागा सापडली नाही». हे तीन वेगळे आहेत, एकत्र करू नका.

उंची कशी मोजायची?

जमिनीपासून सर्वांत वरच्या कोंबापर्यंत, सेंटिमीटरमध्ये. रोप वाकलेलं असेल तर ताणून सरळ करू नका, आहे तसं मोजा आणि «वाकलेलं» लिहा. पानाचं टोक धरायचं नाही. काळ्या मातीत पाऊस आणि उन्हाने जमीन फुगते आणि बसते, त्यामुळे सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचा फरक पडला तर काळजी नको. उन्हाळ्यात भेगा रोपाच्या बुंध्याजवळून गेल्या असतील तर तेही लिहा. भेग रुंदावताना कोवळी मुळं तुटतात, आणि शेजारी पाणी असूनही रोप कोमेजतं.

मोबाईलवर ठिकाण नोंदवलं तर पुरत नाही का?

पुरत नाही. मोबाईल मोकळ्या जागेतही चार-पाच मीटर चुकू शकतो, इमारतींमध्ये त्याहून जास्त. तेवढ्या जागेत कडुलिंबाची सहा रोपं असतात. म्हणून हलणार नाही अशा वस्तूपासून अंतर लिहा: «विजेच्या खांबापासून पूर्वेला अडीच मीटर, गटाराच्या कठड्याला लागून». नंबराची पट्टी रोपाला बांधू नका, खोड जाड झालं की ती रुतते. शेजारी छोटी खुंटी ठोका आणि तिला पट्टी लावा.

पाणी घातलं तर चालेल का?

लावलेल्या रोपाला पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी हवंच, आणि ते घालणं चांगलंच आहे. आपोआप आलेल्या रोपाला शक्यतो घालू नका, ते स्वतःच्या बळावर किती टिकतं हेच आपल्याला बघायचं आहे. पण रोज जाता-येता कोमेजलेलं बघवत नसेल तर घाला, मनाविरुद्ध कठोर होऊ नका. वहीत तेवढं लिहा, म्हणजे त्याची बेरीज वेगळी करता येते.

पाणी घालायचंच तर रोज पेलाभर घालण्यापेक्षा आठवड्यातून एकदा बादलीभर घाला, आणि आळ्यात पाचोळ्याचं जाड आच्छादन करा. वरवर दिलेल्या पाण्याने मुळं वरच राहतात. घरच्या आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी पुष्कळ जण आणतात. बोअरच्या पाण्याचे सगळे क्षार त्यात एकवटलेले असतात, एकाच रोपाला ते सतत देऊ नका.

दुष्काळाच्या वर्षी नोंदी थांबवायच्या का?

थांबवू नका. लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे आपण सगळ्यांनी पाहिलं. अशा वर्षी माणसं घागरी घेऊन रांगेत असताना रोपासाठी कोणाकडे पाणी मागायचं नाही. बघणं मात्र चालू ठेवायचं. त्या वर्षी कोणतं झाड, कोणत्या मातीत, कोणाच्याही मदतीशिवाय उभं राहिलं, ही माहिती दुसऱ्या कुठल्याही वर्षी मिळत नाही. चांगल्या पावसाच्या तीन वर्षांच्या नोंदींपेक्षा तसल्या एका उन्हाळ्याची वही मोलाची.

रोप कोणी खाल्लं हे कसं कळतं?

तुटलेलं टोक जवळून बघा. शेळी, गाय, म्हैस यांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, त्यामुळे फांदी ओढून तोडली जाते आणि टोकाला फाटलेले धागे दिसतात. सशाने खाल्लं असेल तर चाकूने तिरपा काप दिल्यासारखं स्वच्छ टोक असतं, शहराबाहेरच्या माळावर हे सापडतं. गवत कापायच्या यंत्राचा काप आडवा असतो आणि आजूबाजूचं गवतही त्याच उंचीला कापलेलं असतं. खोडावर मातीचा पापुद्रा असेल तर वाळवी, तो हलकेच बोटाने काढून आत साल शाबूत आहे का बघा.

शेळ्या चारणाऱ्या आजी-मामांशी भांडायला जाऊ नका. कुठलं रोप शेळी तोंडात धरत नाही, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं. विचारा आणि लिहून घ्या.

बहाव्याची सगळी पानं अळ्यांनी खाल्ली. औषध मारू का?

नको. पावसाळ्यात शहरभर उडणाऱ्या पिवळसर-पांढऱ्या फुलपाखरांच्या त्या अळ्या असतात, बहावा आणि तरवड हे त्यांचं खाणं. थोड्या दिवसांत पुन्हा पालवी येते. बेल, कवठ, लिंबू यांच्या रोपांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी असते, तीही फुलपाखराचीच. «अळ्या, पानं निम्मी गेली» असं लिहा, फोटो काढा.

भिंतीत आलेला पिंपळ मोजायचा का?

मोजा, पण वेगळा. भिंतीतला पिंपळ-वड मुळांनी दगड सरकवतो, आणि छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या दरवाजांसारख्या वास्तूंवर तो वाढू देणं योग्य नाही. तिथे हात लावायचा अधिकारही आपल्याला नाही, संबंधित खात्याला कळवा. स्वतःच्या घराच्या भिंतीतलं वीतभर रोप भर पावसाळ्यात मुळासकट अलगद काढून कुंडीत लावता येतं, वड-पिंपळ हे सहन करतात. पुढे मोकळ्या जागेत हलवा. नोंदीत दोन्ही जागा लिहा.

सुबाभूळ, वेडी बाभूळ दिसली तर उपटू का?

स्वतःच्या अंगणात खुशाल उपटा, लहान असतानाच. सार्वजनिक जागेत नोंद घ्या, उपटू नका. एक तर ओळखण्यात चूक होऊन हिवर किंवा शमी उपटली जाते. दुसरं म्हणजे वेड्या बाभळीच्या काट्यांत शेळ्यांपासून वाचलेलं कडुलिंबाचं किंवा बोराचं रोप अनेकदा लपलेलं असतं. आधी वाकून आत बघा.

दसऱ्याला आपट्याचं रोप ओरबाडलं जातं. काही करता येईल का?

करता येतं, आणि दरवर्षी करावं लागतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी एक छोटी फेरी ठेवा आणि आपल्या भागातल्या आपट्याच्या रोपांशेजारी पाटी लावा: «हे लेकरू आहे, याची पानं नेऊ नका». लोक ऐकतात, असा अनुभव आहे. दसऱ्यानंतर आठवड्याने किती पानं उरली ते लिहा. बाजारात सोनं म्हणून पुष्कळदा कांचनाच्या फांद्या येतात. कांचनाचं पान मोठं आणि मऊ, आपट्याचं लहान, जाड, खरबरीत आणि लांबीपेक्षा रुंद. वटपौर्णिमेला वडाच्या फांद्यांचंही हेच होतं.

सफाईत किंवा जेसीबीखाली रोपं जातात. तक्रार कोणाकडे करायची?

तक्रारीआधी ओळख करून घ्या. आपल्या वॉर्डात झाडणाऱ्या ताई-दादांना रोपं एकदा दाखवा, नाव सांगा, खुंटी दाखवा. पुढच्या वेळी खुरपं त्या खुंटीला वळसा घालून जातं. पावसाळ्याआधीची नालेसफाई मात्र मेमध्ये यंत्राने होते आणि काठावरचं सगळं खरवडून निघतं. त्यासाठी एप्रिलमध्येच मनपाच्या उद्यान विभागाला यादी आणि नकाशा लेखी द्या, पोच घ्या. पाचोळा जाळल्याने होणारं नुकसानही फोटोसह कळवा.

काही धोका?

दगड उलटू नका, फुरसं आणि घोणस आपल्याकडे सगळीकडे आहेत. गाजरगवतात पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, त्वचेला आणि दम्याला त्याचा त्रास होतो. छावणी, रेल्वे आणि पुरातत्त्वच्या हद्दीत परवानगीशिवाय जायचं नाही. लेकरांना रस्त्याच्या दुभाजकात नेऊ नका, शाळेच्या कुंपणाशी भरपूर रोपं असतात.

ॲपवर नोंदी टाकल्या तर चालतील का?

जरूर टाका. आयनॅचरलिस्टवर लावलेल्या रोपाला «लागवडीचं» अशी खूण करायला विसरू नका, नाहीतर ते रानात आपोआप उगवलं असा समज होतो. मोठ्या झाडांचा फुलोरा आणि पालवी नोंदवायची असेल तर सीझनवॉच आहे. मूळ वही मात्र कागदाचीच ठेवा.

लावलेली बरीच रोपं मेली, असे आकडे दिले तर लावणारे दुखावतात. मग काय लिहायचं?

जे दिसलं ते. आकडा गोड करून लिहिला तर पुढच्या पावसाळ्यात तीच चुकीची जात, त्याच चुकीच्या जागी, पुन्हा लावली जाते. मात्र यादी बाहेर देण्याआधी लावणाऱ्यांना दाखवा, त्यांच्यासोबत जागेवर एक फेरी करा. त्यांनी मनापासून लावलेलं असतं. आपण संस्थेचं नाव न घालता जात, माती, पाण्याची सोय आणि कारण एवढंच मांडतो. «मुरमावर अर्जुन, पाणी नाही, पहिल्या उन्हाळ्यात गेला» या एका ओळीचा रोपवाटिकेला उपयोग होतो.

किती वर्षं बघायचं?

शेंडा शेळीच्या तोंडाच्या वर जाईपर्यंत, म्हणजे साधारण पाच-सहा फूट. कडुलिंब ही उंची लवकर गाठतो. पळस आणि अंजनाला कितीतरी जास्त वेळ लागतो. लोखंडी जाळी लावलेली असेल तर ती खोडात रुतण्याआधी काढायला सांगणं, ही शेवटच्या फेरीतली जबाबदारी.

मला पुण्याला नोकरी लागली. माझ्या रोपांचं काय?

वही कुरियरने पाठवून भागत नाही. जायच्या आधी नव्या माणसाला सोबत घेऊन एक फेरी करा, प्रत्येक खुंटी हाताने दाखवा, आणि «वरून वाळलं» लिहिलेल्या जागा तर नक्की दाखवा, कारण तिथे कधी कधी दाखवायला काडीसुद्धा नसते. शेजारच्या दुकानदाराची, झाडणाऱ्या ताईंची ओळख करून द्या. नवा माणूस मिळाला नाही तर शेजारच्या गल्लीतल्या स्वयंसेवकाकडे निम्मी रोपं द्या आणि बाकीच्यांसमोर «नोंद थांबली» असं तारखेसह लिहा. दिवाळीला गावी आलात की हस्तानंतरची फेरी तुम्हाला करता येते, तसं आधीच सांगून ठेवा.